शंका घेण्याची नोकरी

पावसाळा ऐन भरात आला की सांगलीकरांची सकाळ एका आकड्याने सुरू होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे, कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, अलमट्टीच्या दरवाजांचे काय, याची चर्चा चहाच्या टपरीपासून बाजार समितीच्या पेढ्यांपर्यंत चालते. पुलाजवळची ४० फुटांची पातळी इशाऱ्याची आणि ४५ फुटांची धोक्याची, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले आणि ज्यांच्या घरात कधी पाणी शिरले नव्हते त्यांच्याही घरात शिरले.

आता अशी कल्पना करावी की, नदीकाठच्या रहिवाशांना मोबाइलवर मराठीतून सावध करणारी एक संगणकप्रणाली तयार करायची आहे. दर तासाला पातळीची नोंद घ्यायची, ४० फूट झाले की इशाऱ्याचा संदेश पाठवायचा, ४५ फूट झाले की धोक्याचा. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने हे फार तर दोन दिवसांचे काम. तो प्रोग्रॅम लिहितो, ३८ हा आकडा घालून पाहतो, संदेश जात नाही. ४६ घालून पाहतो, संदेश जातो. त्याच्या लेखी काम पूर्ण झालेले असते.

नेमके इथेच सॉफ्टवेअर टेस्टरचे काम सुरू होते. त्याचा पहिला प्रश्न सीमेवरचा असतो. पाणी बरोबर ४० फुटांवर आले की संदेश जायचा, की ४० च्या वर गेल्यावर? ३९ फूट ११ इंचांना काय करायचे? गावातली भांडणे जशी बहुधा बांधावर होतात, तशाच सॉफ्टवेअरमधल्या चुका बहुधा दोन नियमांच्या बांधावर सापडतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मग दुसरा प्रश्न. पाणी चढताना ४० फुटांवर पोचले आणि उतरताना ४० फुटांवर आले, तर दोन्ही वेळा एकच संदेश जाणार का? पातळी रात्रभर ३९ फूट ११ इंच आणि ४० फूट यांच्यामध्ये हेलकावत राहिली, तर लोकांना रात्रभर संदेश येत राहणार का? दहा वेळा झोपमोड झालेला माणूस अकराव्या वेळी मोबाइल बंद करून झोपतो, आणि पाणी त्यानंतर वाढते. मोजणी करणारा कर्मचारीच पुरामुळे पुलापर्यंत पोचू शकला नाही आणि तीन तास नोंद आली नाही, तर पडद्यावर शेवटचा आकडा तसाच दिसत राहणार का? ‘नोंद नाही’ आणि ‘वाढ नाही’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. संगणकाला तो आपोआप कळत नाही.

मराठी संदेशाचे तर स्वतःचे एक गणित आहे. रोमन अक्षरांतला एक लघुसंदेश १६० अक्षरांपर्यंत जातो. देवनागरीत ही मर्यादा ७० चिन्हांवर येते आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक गोष्ट वेगळे चिन्ह म्हणून मोजली जाते. त्यापुढचा मजकूर दुसऱ्या तुकड्यात जातो. ‘पुढील सूचनेपर्यंत घरी परतू नये’ या वाक्यातला ‘नये’ दुसऱ्या तुकड्यात गेला आणि पुराच्या गर्दीत तो तुकडा उशिरा पोचला, तर वाचणाऱ्याने काय समजायचे?

पण या प्रणालीतली सर्वांत घातक शंका एका टिंबाची आहे. सांगलीत पाण्याची पातळी फूट-इंचांत बोलली जाते. ४५ फूट ६ इंच हे घाईघाईत ४५.६ असे लिहिले जाते आणि वाचणाऱ्याला त्याचा अर्थ बिनचूक कळतो. संगणक मात्र ते पंचेचाळीस पूर्णांक सहा दशांश असे वाचतो. साडेपंचेचाळीस फुटांच्या जागी तो इंचभर जास्त पाणी दाखवील, एवढाच काय तो फरक, असे वाटेल. पुढची नोंद पाहावी. पाणी ४५ फूट ९ इंचांवर आहे आणि तासाभरात ते आणखी एक इंच वाढून ४५ फूट १० इंच होते. नोंद होते ४५.१०. शेवटच्या शून्याला संगणकाच्या लेखी किंमत नसते. त्याच्या दृष्टीने पाणी ४५.९ वरून ४५.१ वर आलेले असते. नदी चढत असताना प्रणाली पाणी ओसरू लागल्याचे सांगेल. प्रोग्रॅममध्ये एकही ओळ चुकलेली नसेल, आणि तरीही एखादे कुटुंब सामानाची बांधाबांध थांबवील.

सगळे तपासणे अशक्य, म्हणून निवड

ही प्रणाली काल्पनिक असली, तरी तिच्याविषयीच्या शंका टेस्टरच्या रोजच्या कामातल्या आहेत. सॉफ्टवेअर चालते हे सिद्ध करणे म्हणजे टेस्टिंग, असा सर्वसाधारण समज असतो. ग्लेनफोर्ड मायर्स या अमेरिकी तज्ज्ञाने १९७९ साली ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ या पुस्तकातून तो समज उलटा केला. चूक शोधण्याच्या हेतूने प्रोग्रॅम चालवणे म्हणजे टेस्टिंग, अशी त्याची मांडणी होती. हा फरक शब्दांचा वाटला तरी तो मनोवृत्तीचा आहे. चालते हे दाखवायचे ठरवले की माणूस नकळत सोपे आकडे निवडतो. चुकते कुठे हे शोधायचे ठरवले की त्याची नजर अडचणीच्या जागांकडे वळते.

मायर्सने पुस्तकाच्या सुरुवातीलाच वाचकाची एक छोटी परीक्षा घेतली आहे. त्रिकोणाच्या तीन बाजूंचे आकडे द्यायचे आणि तो समभुज, समद्विभुज की विषमभुज हे प्रोग्रॅमने सांगायचे. हा प्रोग्रॅम तपासायला कोणकोणते आकडे घ्याल? बहुतेक जण तिन्ही प्रकारांचे एकेक उदाहरण घेऊन थांबतात. १, २, ३ या बाजूंचा त्रिकोण होतच नाही, ती एक सरळ रेषा होते, हे फार थोड्यांना सुचते. एक बाजू शून्य, एखादी ऋण, तिन्ही शून्य, दोनच आकडे दिले, आकड्याऐवजी अक्षर टाकले, त्याच तीन बाजू वेगळ्या क्रमाने दिल्या, अशी यादी लांबत जाते. १४ प्रश्नांच्या या कसोटीत अनुभवी प्रोग्रॅमरनाही सरासरी ७.८ गुणच मिळतात, असे मायर्सने नमूद केले आहे. ही कसोटी पुढे इतकी प्रसिद्ध झाली की टेस्टरच्या मुलाखतीत ती आजही भेटते.

मग सगळेच आकडे का तपासू नयेत? प्रत्येक बाजू १ ते १००० पर्यंतची कोणतीही पूर्ण संख्या असू शकते असे धरले, तरी १०० कोटी जोड्या होतात. सेकंदाला एक या वेगाने अहोरात्र तपासत बसले तर ३१ वर्षे पुरणार नाहीत, आणि हा तर तीन आकड्यांचा पोरखेळ आहे. चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही, असे एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने पन्नासएक वर्षांपूर्वी बजावले होते, त्याचे कारण हेच. तेव्हा १०० कोटींतले नेमके कोणते ३० आकडे घ्यायचे, यात टेस्टरचे कौशल्य असते. उरलेल्यांबद्दल त्याने कोणतीही हमी दिलेली नसते, ही गोष्ट मात्र ग्राहक आणि व्यवस्थापक दोघेही सोयीस्करपणे विसरतात.

या व्यवसायाचा लाडका शब्द म्हणजे ‘बग’. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-टू या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून ठेवण्यात आला. (योगायोग असा की, सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले ते याच १९४७ साली. पुढे ते वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले.) शब्दाचा जन्म त्या पतंगातून झाला, असे सांगितले जाते ते मात्र खरे नाही. यंत्रातल्या दोषासाठी एडिसनने हा शब्द १८७८ मध्येच वापरला होता.

न सापडणारी चूक

फूट, मीटर आणि टिंब यांचा घोळ सांगलीपुरता नाही. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये ‘नासा’चे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झाले. एका संगणकप्रणालीने आकडे ब्रिटिश मापनपद्धतीत दिले होते आणि दुसरीने ते मेट्रिक समजून वापरले. त्याआधी ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत फुटले. जुन्या एरियन-४ साठी लिहिलेला प्रोग्रॅमचा एक भाग त्यात जसाच्या तसा घेतला होता. नवे रॉकेट अधिक वेगवान होते, त्यामुळे एक आकडा ३२,७६७ या मर्यादेबाहेर गेला आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. जुना भाग इतकी वर्षे नीट चालत होता, म्हणून त्याची नव्या परिस्थितीत चाचणी घेण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. ‘आधी चालत होते’ या वाक्यावर टेस्टर सहसा विश्वास ठेवत नाही.

परंतु टेस्टरच्या अंगी कोणते गुण असावेत हे ज्या घटनेतून सर्वांत स्पष्ट दिसते, ती कर्करोगाच्या उपचारातली आहे. मिरजेसारखी वैद्यकीय नगरी शेजारी असलेल्यांना किरणोपचाराच्या यंत्राचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. थेरॅक-२५ हे कॅनडात तयार झालेले असे एक यंत्र १९८० च्या दशकात अमेरिकेतील आणि कॅनडातील रुग्णालयांत वापरात होते. त्याच्या आधीच्या यंत्रात किरणांचा मारा प्रमाणाबाहेर गेला तर तो रोखणारे यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात ते काढून ती जबाबदारी सॉफ्टवेअरवर सोपवण्यात आली. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राने सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरण दिले.

यांपैकी दोन अपघात टेक्सासमधील टायलर येथे, १९८६ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये झाले. पहिल्या अपघातानंतर कंपनीचे अभियंते आले, त्यांनी यंत्र तपासले, त्यांना काहीच दोष सापडला नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि चारच दिवसांत दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडले. दोन्ही वेळा पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढीच अक्षरे उमटली होती. दोन्ही रुग्ण पुढे दगावले. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हॅगर यांनी मग यंत्र बंद ठेवले आणि ते चालवणाऱ्या तंत्रज्ञ महिलेला बरोबर घेऊन ते त्यासमोर बसले. तिने त्या दिवशी नेमके काय केले होते? उपचाराचा प्रकार लिहिताना चुकीचे अक्षर पडले, म्हणून तिने बाण वर नेऊन ते बदलले आणि भराभर खाली येऊन यंत्र सुरू केले होते. तीच कृती ते पुन्हा पुन्हा करत राहिले, आणि अखेर ‘मालफंक्शन ५४’ हाताशी आले. रहस्य वेगात होते. दुरुस्ती साधारण आठ सेकंदांच्या आत उरकली तरच चूक घडत असे. कंपनीच्या अभियंत्याला हे कळवल्यावर त्यालाही सुरुवातीला ती चूक घडवता आली नाही, कारण तो सावकाश टंकत होता. रोज तेच काम करून जिचा हात बसला होता, तिच्याच हातून यंत्र चुकत होते.

हॅगर काही टेस्टर नव्हते. पण ‘यंत्रात दोष नाही’ या अधिकृत उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, दोष वापरणाऱ्याच्या अंगावर ढकलण्याऐवजी त्यांनी तिच्याच हालचाली बारकाईने पाहिल्या, आणि चूक हुकमी घडवून दाखवता येईपर्यंत ते उठले नाहीत. चिकाटी, निरीक्षण, कल्पकता असे गुण टेस्टिंगच्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर छापलेले असतात. ते एकत्र आल्यावर कसे दिसतात, हे टायलरच्या त्या खोलीत दिसले.

चूक सांगावी कशी?

चूक सापडणे हे निम्मे काम झाले. ती दुसऱ्याला पटेल अशी लिहिणे हे उरलेले निम्मे, आणि अनेक हुशार टेस्टर इथेच मागे पडतात. ‘पावतीचे पान चालत नाही’ अशी तक्रार आली की डेव्हलपर आपल्या संगणकावर ते पान उघडतो, ते चालते आणि तो ‘माझ्याकडे चालते’ असे उत्तर पाठवून मोकळा होतो. चांगली नोंद वेगळी असते. हळदीच्या सौद्याची पट्टी तयार करताना हळकुंडाची १२ आणि गड्ड्याची ३ पोती भरली, त्यानंतर गड्ड्याची ओळ वगळली, तरी एकूण वजनात ती तीन पोती धरलीच गेली. ओळ वगळण्याऐवजी शून्य केल्यास बेरीज बरोबर येते. हे तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तसेच घडले. अशा नोंदीत पायऱ्या असतात, अपेक्षित काय होते आणि घडले काय हे असते, आणि चूक कोणत्या परिस्थितीत घडत नाही हेही असते. तीत कुणाचे नाव नसते, विशेषण नसते आणि टोमणा तर नसतोच.

कारण ज्याने महिनाभर खपून काही उभे केले आहे, त्याला त्यातली उणीव दाखवणे हा नाजूक मामला आहे. स्वयंपाकात मीठ कमी पडले हे सांगण्याच्या दहा तऱ्हा असतात आणि त्यांतल्या आठ भांडणाकडे नेतात. डेव्हलपर आणि टेस्टर यांचे नाते सासू-सुनेचे असते, असा विनोद आयटी कंपन्यांत केला जातो. तो जुना झाला असला तरी अगदीच निराधार नाही. उत्तम टेस्टर मवाळ बोलतो, पण मुद्दा सोडत नाही. प्रणाली ग्राहकाला द्यायच्या आदल्या संध्याकाळी मोठी चूक सापडली, सगळा चमू थकलेला आहे, व्यवस्थापक घड्याळाकडे पाहतो आहे, अशा वेळी ‘हे असे जाऊ नये’ हे म्हणायला धैर्य लागते. निर्णय व्यवस्थापकाचा असतो. टेस्टरने फक्त माहिती लपवायची नसते.

ही माहिती दडपली गेली की काय होते, हे ब्रिटनच्या टपाल खात्याने जगाला दाखवले. ‘होरायझन’ या हिशेबाच्या प्रणालीत रकमेचा मेळ बसेना, तेव्हा दोष प्रणालीला न देता छोटी टपाल कार्यालये चालवणाऱ्यांना देण्यात आला. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर अशा आरोपांखाली दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले, आणि सरसकट शिक्षा रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

कऱ्हाड की कराड?

टेस्टरला संगणकाइतकीच त्या-त्या व्यवहाराची आणि भाषेची जाण लागते. हे पटण्यासाठी सातारा जिल्ह्यातले एकच गाव पुरेसे आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे हे शहर कुणी ‘कराड’ लिहितो, कुणी ‘कऱ्हाड’. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी गावे आहेत. एका नोंदीत एक आणि दुसरीत दुसरे नाव असेल, तर शोध घेताना निम्म्या नोंदी सापडणारच नाहीत. खरी गंमत त्यापुढे आहे. ‘कऱ्हाड’मधला तो अर्धा र, ज्याला काही जण ‘पापणीचा र’ म्हणतात, युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. एकात त्यासाठी स्वतंत्र अक्षर वापरले जाते, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह दिले जाते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. डोळ्यांना जे एक दिसते ते संगणकाला दोन दिसते, आणि ‘नाव असूनही सापडत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा ती कुणाला खरीही वाटत नाही.

हा र चुकला तर अर्थही चुकतो. सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ आणि कोकणातला ‘दर्या’ यांत तेवढाच फरक आहे. ‘आचाऱ्यांना’ दिलेले मानधन ‘आचार्यांना’ दिल्याची नोंद झाली, तर लेखापरीक्षक काय म्हणेल ते वेगळेच. बंगळूर किंवा परदेशातल्या टेस्टरला ही शंका येणे कठीण आहे. साताऱ्यात वाढलेल्या टेस्टरला ती पहिल्या दिवशी यायला हवी.

जमिनीच्या नोंदींचे उदाहरण याहून गंभीर आहे. महाराष्ट्रातील सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे हस्तलिखितातून संगणकावर आणताना नावे, क्षेत्रे, हिस्से यांत चुका राहणे अपरिहार्य होते. जुन्या कागदांत एकर-गुंठे, नव्यात हेक्टर-आर. एका एकराचे ४० गुंठे, म्हणून १ एकर ३९ गुंठ्यांत एक गुंठा मिळवला की दोन एकर होतात. शंभराच्या हिशेबाने चालणाऱ्या दशांशाला हे कसे कळावे? इथेही घोळ त्याच टिंबाचा. अशा चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये महसूल विभागाने जो मार्ग निवडला, तो जगातल्या कोणत्याही टेस्टिंगच्या पुस्तकाला शोभेल असा होता. गावोगावी चावडी वाचन घेण्यात आले. संगणकीकृत सातबारा चावडीवर लोकांसमोर मोठ्याने वाचायचा, ज्याची जमीन त्याने ऐकायचे आणि चूक असेल तिथे आक्षेप नोंदवायचा. ज्याला संगणक हाताळता येत नाही पण बांधावरचे प्रत्येक झाड ठाऊक आहे, असा म्हातारा शेतकरी त्या दिवशी टेस्टर झाला होता. व्यावसायिक भाषेत याला ‘युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग’ असे भारदस्त नाव आहे. उताऱ्यात उतरलेली लेखनातली चूक नंतर दुरुस्त करून घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज, चौकशी आणि आदेश असा प्रवास करावा लागतो. त्या हेलपाट्यांत जाणारे दिवस आणि भाडे शेतकऱ्याच्या खिशातून जाते. चूक वेळेत सापडण्याचे मोल कशात मोजायचे, तर यातच.

नोकरीच्या बाजारात

सांगलीचे वालचंद, १९६० पासूनचे कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९८३ मध्ये सुरू झालेली साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील आणि वाळवा तालुक्यातल्या राजारामनगरचे राजारामबापू ही अभियांत्रिकी महाविद्यालये, शिवाय विज्ञान शाखेतून संगणक शिकवणारी इतर अनेक महाविद्यालये, अशी या दोन जिल्ह्यांची शैक्षणिक ताकद मोठी आहे. त्यांतून बाहेर पडणाऱ्यांची वाट बहुधा पुणे-बंगळूर महामार्गानेच, म्हणजे हिंजवडी किंवा बंगळूरकडे जाते. तिथे ‘टेस्टिंग’ असा शिक्का कपाळी बसला की अनेकांना हिरमुसल्यासारखे होते. ज्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही त्याने टेस्टिंग करावे, हा समज गावाकडच्या नातेवाइकांपर्यंत पोचलेला असतो.

या समजाला कंपन्यांनीच खतपाणी घातले आहे. वर्ष २००० च्या संकटाची कामे संपल्यानंतरच्या दशकात भारतातल्या टेस्टिंगचा व्याप झपाट्याने वाढला. तेव्हा लागतील तितकी मुले घेऊन, दुसऱ्या कुणी लिहिलेल्या पायऱ्यांप्रमाणे बटणे दाबायला त्यांना बसवण्यात आले. त्या कामात शंकेला जागाच नव्हती. साहजिकच तोच भाग सर्वांत आधी यंत्राकडे गेला. २००४ मध्ये तयार झालेल्या सेलेनियमसारख्या साधनांनी तीच ती बटणे रात्रभर न थकता दाबायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या सुमारास स्वतंत्र टेस्टर ही भूमिका मोठ्या प्रमाणावर मोडीत काढून तपासणीची बरीचशी जबाबदारी प्रोग्रॅमरवरच टाकली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने चाचण्यांची यादी काही क्षणांत लिहून देतात. केवळ सांगितलेले तपासणाऱ्याची जागा त्यामुळे आणखी आक्रसली आहे, आणि हे लपवून ‘नोकरीची हमी’ देणारे वर्ग मुलांची फसवणूक करतात.

यंत्राने लिहिलेल्या यादीत सीमेवरचे आकडे असतील, रिकाम्या रकान्याची चाचणी असेल. सांगलीत टिंबाचा अर्थ इंच असा होतो, हे तिथे आपोआप येणार नाही. ते कुणीतरी तिला सांगावे लागेल, आणि यादी आल्यावर तीत काय राहिले हेही कुणीतरी पाहावे लागेल. म्हणून आजच्या टेस्टरला दोन गोष्टी लागतात. स्वयंचलित चाचण्या लिहिण्याइतके प्रोग्रॅमिंग त्याला आले पाहिजे. आणि ज्या व्यवहारासाठी सॉफ्टवेअर आहे तो व्यवहार, मग ती बँक असो, रुग्णालय असो की दूध संकलन केंद्र, त्याला आतून कळला पाहिजे. ज्याच्या घरी ऊस कारखान्याला जातो, काट्यावरच्या वजनाची पावती येते आणि बिलातल्या कपातीवरून चर्चा झडते, त्याला हिशेबाच्या प्रणालीकडे संशयाने पाहायला वेगळे शिकवावे लागत नाही. मुलाखतीत हे भांडवल सांगायचे असते, हेच बहुतेकांना माहीत नसते. इंग्रजीची धास्ती हा दुसरा अडसर. चुकीची नोंद इंग्रजीत लिहावी लागते खरी, पण तिला अलंकार लागत नाहीत, छोटी सरळ वाक्ये पुरतात. मराठीत पायरीवार, स्वच्छ लिहिणाऱ्याला ती काही महिन्यांच्या सरावाने साधतात.

प्रमाणपत्रांपैकी २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयएसटीक्यूबी’ या आंतरराष्ट्रीय मंडळाची पायाभूत परीक्षा भारतात बरीच प्रचलित आहे. तिने परिभाषा पक्की होते, अर्ज छाननीत पुढे सरकतो. नजर मात्र परीक्षेने येत नाही. ती तयार करायला पुण्याला जाण्याचीही गरज नाही. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर मराठीतही उपलब्ध आहेत आणि त्यांतल्या चुका नोंदवण्याच्या वह्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या आहेत. त्यांतल्या जुन्या नोंदी वाचल्या की जगभरचे टेस्टर चूक कशी मांडतात हे फुकट शिकता येते. मराठी रूपात कुठे जोडाक्षर तुटते, कुठे वाक्य अर्धवट राहते, कुठे शोध घेतल्यावर ‘कऱ्हाड’ सापडत नाही, हे शोधून रीतसर नोंदवलेल्या दहा-पंधरा नोंदी नोकरीच्या अर्जासोबत जोडल्या, तर मुलाखत घेणाऱ्याला उमेदवाराच्या कामाचा नमुनाच हातात मिळतो.